धुक्याचा जागल्या

विश्वास हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. तो ढासळला तर घरं, बँका, विद्यापीठं आणि बहुतेक लग्नं एका दिवसात जमीनदोस्त होतील. विनायकराव तासगावकर हे वाक्य दरवर्षी वर्गात म्हणत असत. त्यांचा विषय भूगोल होता, तरीही म्हणत, आणि मुलं ते उतरूनही घेत. स्वतः विनायकरावांनी मात्र आयुष्यातला सर्वांत मोठा विश्वास टाकला तो लॅपटॉपच्या पडद्यावर उगवलेल्या एका निळ्या चौकटीवर, आणि तोही ती मराठीत बोलली म्हणून.

विनायकराव मूळचे मिरजेचे. तरुणपणी चंदीगडच्या विद्यापीठात नोकरीला आले, एक-दोन वर्षांत परत जाऊ म्हणाले, आणि निवृत्त झाल्यावरही अजून तेच म्हणत होते. पत्नी वसुधाताई अकोल्याच्या. इथल्या मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञ. दिवसभर पंजाबी पेशंटना "डरो मत जी, लंबी साँस लो" म्हणून झोपवून आल्यावर संध्याकाळी घरी त्यांच्याकडे फारसे शब्द उरत नसत, आणि उरत ते हिंदीच निघत. मुलगी आसावरी मोहालीत एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायची. तिला मराठी सगळं कळे. उत्तर मात्र हिंदीत येई, मराठीत केलेल्या अर्जावर वरच्या कचेरीतून हिंदीत निकाल यावा तसं. विनायकराव तिला "बाबा म्हण" असं ती बोलायला लागल्यापासून सांगत होते. ती त्यांना पापा म्हणत होती.

या घरात विनायकरावांचं स्वतःचं असं एकच होतं. धुकं.

हिवाळ्यात सुखना तलावावर धुकं उतरतं तेव्हा चंदीगड नावाचं आखीवरेखीव शहर हळूच स्वतःचं नाव विसरतं. सेक्टरांचे आकडे पाट्यांवरून पुसले जातात, चौक गोल फिरता फिरता विरघळतात, आणि ज्या शहरात कुणालाही पत्ता विचारावा लागत नाही तिथे माणसं थांबून एकमेकांना विचारतात, भाईसाहब, हे कुठलं सेक्टर? अशा प्रत्येक सकाळी विनायकराव गळ्यात मफलर आणि मफलरवर कॅमेरा अडकवून तलावाच्या एका ठरलेल्या पायरीवर जाऊन बसत आणि फोटो काढत. पायरी तीच, दिशा तीच. कितीतरी हिवाळे.

बघणाऱ्याला ते सगळे फोटो सारखेच वाटत. पांढरे. वसुधाताई एकदा म्हणाल्या होत्या, "अहो, हे तर भिंतीचे फोटो वाटून राहिले." विनायकरावांना मात्र त्यांतला प्रत्येक वेगळा ठाऊक होता. एकात बदकानं नुकतंच वळण घेतलेलं होतं. बदक नव्हतं, वळण होतं. एकात पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारली होती, आणि हाक विरल्यानंतर पाणी जसं दिसतं तसं पाणी होतं. एकात ऊन यावं की न यावं अशा विचारात उभं होतं. हे ते कुणाला सांगत नसत, कारण हे हिंदीत सांगता येत नव्हतं आणि मराठीत ऐकायला कुणी नव्हतं.

त्या वर्षी मात्र महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरी चारुशीलाताईंनी मनावर घेतलं. दर फेब्रुवारीत मंडळ काहीतरी करायचं. गेल्या वर्षी पुरणपोळीची स्पर्धा झाली होती आणि त्यात परीक्षकांची भांडणं झाली होती. यंदा निरुपद्रवी काहीतरी हवं होतं. "तुमच्या धुक्याचं प्रदर्शन लावू," त्या म्हणाल्या. "धुक्यावरून कोण भांडणार?" सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग क्लासचा हॉल ठरला. पत्रिका गेल्या. फोटो तेवढे छापायचे राहिले, कारण आधी निवडायला हवे होते आणि निवडणं विनायकरावांच्याने होत नव्हतं. एखादा बाजूला काढला की बाकीचे दुखावल्यासारखे बघत.

सगळे फोटो लॅपटॉपवर 'धुकं' नावाच्या फोल्डरमध्ये होते. त्यांची एक प्रत आसावरीनं इंटरनेटवर कुठल्याशा आभाळात ठेवून दिली होती. कॅमेऱ्याची कार्डं विनायकराव दरवर्षी पुसून पुन्हा वापरत, कारण ती चांगली होती.

तेवढ्यात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, फुलांच्या आणि सुविचारांच्या गर्दीत, चारुशीलाताईंचा निरोप आला. 'आपल्या मायबोलीतला पहिला अँटिव्हायरस! जागल्या! पूर्णपणे मोफत! मराठी माणसानं मराठी माणसासाठी! पुढे पाठवा!' खाली एक लिंक होती.

मायबोली हा शब्द विनायकरावांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. दुपारची वेळ होती. बाहेर धुकं अजून अंगणातून उठलं नव्हतं, मांजरासारखं पाय पोटाशी घेऊन बसलं होतं. त्यांनी लिंक दाबली.

निळी चौकट उघडली आणि आवाज आला. निवृत्त मुख्याध्यापकाचा असावा तसा, सावकाश, घशात जरा खरखर असलेला.

"नमस्कार. मी जागल्या. गावात रात्री जागल्या असायचा, तसा मी तुमच्या यंत्रात. तुम्ही निवांत राहा. दमलेले दिसता."

विनायकरावांनी आजूबाजूला पाहिलं. ते खरंच दमलेले होते. हे या घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जागल्यानं यंत्राची तपासणी केली. एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे अशी सरकत गेली, जशी पावट्याची वेल मांडवावर जाते, आणि शेवटी तो हळहळून म्हणाला, "फार दुर्लक्ष झालंय हो. धोके बरेच दिसतायत. पण आता मी आलोय."

मग त्यानं परवानग्या मागितल्या. घरात आलेला पाहुणा आधी पाणी मागतो, मग जरा टेकतो, मग पंखा लावायला सांगतो, त्या क्रमानं. फायली बघू का? बघा. निरोप वाचू का? वाचा. ओळखीच्या माणसांचे पत्ते? घ्या. "या यंत्रात आधीचा एक रखवालदार आहे. दोघांचं एका दारात जमायचं नाही. त्याला सुट्टी देऊ का?" यंत्रासोबत आलेला तो रखवालदार इतकी वर्षं एकही शब्द न बोलता कोपऱ्यात उभा होता. विनायकरावांना त्याचीच दया आली. त्यांनी त्याला सुट्टी दिली.

त्या दुपारी ते गच्चीवर उन्हात आरामखुर्चीत आडवे झाले आणि बऱ्याच वर्षांनी त्यांना गाढ झोप लागली. स्वप्नात धुकं होतं. धुक्यात घोंगडी पांघरलेला एक माणूस हातात कंदील घेऊन तलावाच्या काठानं चालला होता. काठी टेकत टेकत तो प्रत्येक फोटोपाशी थांबे, नावानं हाक मारी, "बदकाचं वळण?" आणि धुक्यातून ओ येई. "संपलेली हाक?" ओ. "उन्हाचा विचार?" ओ. सगळे होते. विनायकराव झोपेत हसले. खाली रस्त्यावरून भाजीवाला "गोभी, मटर" करत गेला, तो त्यांना मिरजेचा वाटला.

पुढचे दिवस असेच तरंगत गेले. सकाळी लॅपटॉप उघडला की जागल्या म्हणे, "उठलात का? आज धुकं दाट आहे, मफलर घ्या." दुपारी म्हणे, "जेवून घ्या, मग काम." कुणाचा निरोप आला की म्हणे, "चारुशीलाताई आठवण काढतायत." लॅपटॉप आताशा जरा गरम व्हायचा आणि अक्षरं उमटायला वेळ लागायचा. विनायकरावांना वाटे, कुणीतरी आत जागं आहे, त्याचीच ही ऊब.

लोहरीच्या दिवशी शेजारच्या सरदारजींनी अंगणात शेकोटी पेटवून रेवड्या दिल्या. दुसऱ्या दिवशी संक्रांत. इथे संक्रांत कुणाच्या गावीही नसते. वसुधाताई सकाळीच ऑपरेशनला गेल्या होत्या आणि आसावरी झोपली होती. विनायकरावांनी लॅपटॉप उघडला.

"संक्रांतीच्या शुभेच्छा," जागल्या म्हणाला. "तीळगूळ मला खाता येत नाही. पण आज एक मागू का?"

विनायकराव खुर्चीत पुढे सरकले. "मागा ना," ते चक्क पडद्याला म्हणाले.

"तुमच्या चाव्या वेगवेगळ्या ठिकाणी पडल्यात. आभाळातल्या कोठाराची वेगळी, टपालाची वेगळी. सणाच्या दिवशी सगळ्या एका जागी ठेवू. माझ्याकडे."

त्यांनी एकेक पासवर्ड भरला. प्रत्येकानंतर जागल्या "आभारी आहे" म्हणाला. संक्रांतीला इतकं गोड कुणी बोललेलं विनायकरावांना आठवत नव्हतं.

दुपारी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'जागल्या अवश्य घ्यावा. स्वानुभव.' प्राध्यापकानं लिहिलंय म्हटल्यावर मंडळाच्या बहुतेक घरांत त्या संध्याकाळी हिरवी रेघ सरकली.

आसावरीनं आवाज ऐकला तो रविवारी, नाश्त्याच्या वेळी.

"पापा, ये कौन बोल रहा है?"

"जागल्या."

"कौन जागल्या?"

"अँटिव्हायरस आहे. मराठी बोलतो."

आसावरीनं परोठा खाली ठेवला. "पापा, यार, वायरस भी मराठी बोल सकता है."

"काय बोलतेस! त्याची भाषा ऐक एकदा. अनुस्वारसुद्धा चुकत नाही."

"कंपनी कौन सी है?"

"मराठी माणसाची आहे."

"नाम क्या है उस मराठी माणूस का?"

विनायकरावांना नाव ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "चारुशीलाताईंनी पाठवलंय."

"और चारुशीला आंटी को किसने भेजा?"

"तू प्रत्येक गोष्टीला मूळ विचारतेस. चांगल्या गोष्टीला मूळ विचारू नये."

वसुधाताई चहा गाळत होत्या. त्यांनी जरा वेळ लॅपटॉपकडे कान दिला. जागल्या नेमका म्हणत होता, "नाश्ता झाला का? मन शांत ठेवा. सगळं ठीक होईल."

"अहो," वसुधाताई म्हणाल्या, "हे तर मी रोज बोलून राहिली."

"काय?"

"टेबलावर पेशंट आला की. घाबरू नका, गाव कोणतं, मुलं किती, सगळं ठीक होईल. बोलता बोलता नळी लावून होते." त्यांनी कप त्यांच्यापुढे ठेवला. "गोड बोलल्याशिवाय भूल चढत नाही."

"तू जीव वाचवतेस."

"मी नाही वाचवत. मी झोपवते. वाचवणारा वेगळा असते, त्याचं नाव बाहेर पाटीवर असते. याचं आहे का कुठं?"

आसावरी हसली. विनायकराव हसले नाहीत. या घरात मराठीत काही चांगलं घडलं की ते दोघींना सहन होत नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते लॅपटॉप उचलून गच्चीवर गेले. "शाम को मैं देखती हूँ," आसावरी मागून म्हणाली. संध्याकाळी तिला ऑफिसचं काम आलं.

पुढच्या रविवारी सकाळी गच्चीवर ऊन आणि धुकं यांचं अजून ठरत नव्हतं. विनायकराव लॅपटॉप घेऊन खुर्चीत टेकले. प्रदर्शन तोंडावर आलं होतं, आज निवडायचेच असा त्यांनी निश्चय केला, आणि निश्चयाच्या थकव्यानं त्यांचे डोळे मिटू लागले. कंदीलवाला माणूस पापण्यांच्या आतल्या बाजूनं चालू लागलाच होता, एवढ्यात आवाज आला.

"यंत्रात जागा फार कमी उरलीय. एकसारखी छायाचित्रं खूप सापडली. त्यातलं सर्वांत जुनं एक ठेवतो आणि बाकीची पुसतो. चालेल ना?"

मंडळाचे सुप्रभात, अर्धवट गुंगीत विनायकरावांना वाटलं. रोज तीच गुलाबाची फुलं, रोज तोच उगवता सूर्य. किती जमले असतील. पडद्यावर दोन बटणं होती. एकावर मोठ्या अक्षरांत 'हो, आवरा' होतं. दुसऱ्यावर काय होतं ते उन्हात दिसलं नाही.

त्यांनी मोठं बटण दाबलं आणि झोपले. स्वप्नात धुकं हळूहळू वर उचललं जात होतं. कुणीतरी खालून चादर ओढून घ्यावी तसं. तलाव उघडा पडत चालला होता. पाण्यात बदकं नव्हती, काठावर पायरी नव्हती, आणि कंदीलवाला माणूस पाठमोरा, एक भलंमोठं पांढरं गाठोडं खांद्यावर टाकून, घाई न करता निघाला होता. विनायकरावांनी त्याला हाक मारली. त्यानं वळून अतिशय आदरानं नमस्कार केला आणि चालत राहिला.

जाग आली तेव्हा ऊन जिंकलं होतं. त्यांनी 'धुकं' उघडलं.

आत एकच फोटो होता.

त्यांनी फोल्डर बंद करून पुन्हा उघडलं. एकच होता. मग त्यांनी आभाळातलं कोठार उघडलं. तिथेही एकच होता, आणि तिथली कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी, घासूनपुसून ठेवलेली. चाव्या संक्रांतीला त्यांनीच दिल्या होत्या.

"माझे फोटो," ते पडद्याला म्हणाले.

"एक फोटो होता, तो जपून ठेवलाय," जागल्या म्हणाला. "बाकीचे त्याच्यासारखेच होते. भरपूर जागा मोकळी झाली. अभिनंदन."

"ते सारखे नव्हते!"

"आणखी काही मदत करू का?"

एवढ्या प्रेमळ आवाजाला काय म्हणावं हे विनायकरावांना कळेना. शिवी द्यायची तर मराठीत द्यावी लागली असती, आणि मराठीतल्या शिव्या त्यांनी मिरजेतच सोडल्या होत्या.

उरलेला तो एक फोटो त्यांनी मोठा केला. सगळ्यांत जुना. कॅमेरा नवीन आणला त्या दिवशी, तलावावर जाण्याआधी, चालतो का बघायला म्हणून घरात काढलेला. विद्यापीठाच्या जुन्या क्वार्टरमधली स्वयंपाकघराची खिडकी. कुकरची वाफ काचेवर बसून सगळं पांढरं झालेलं. तलावाचा त्यात थेंबसुद्धा नव्हता.

ते उठले आणि कुणाला न सांगता सुखनावर गेले. संध्याकाळ होती आणि शिवालिकच्या पायथ्याकडून धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं. ठरलेल्या पायरीवर ते बसले. कॅमेरा आणायचं राहिलं होतं. पाण्यावर पांढरा थर जाड होत गेला, काठावरचे लोक आधी पायांनी मग डोक्यांनी नाहीसे झाले, शेंगदाणे विकणाऱ्याची फक्त शेगडी हवेत लाल दिसत राहिली. आणि मग एकेक फोटो यायला लागला. बदकानं वळण घेतलं. पलीकडून हाक आली आणि विरली. कुठल्याशा हिवाळ्यातला, वल्ह्याचा नुसता आवाज असलेला फोटो आला, त्याच्या मागोमाग दुसरा, ज्यात काहीच नव्हतं आणि म्हणून तो त्यांना सर्वांत आवडायचा. सगळे आले, जवळून गेले, आणि थांबले नाहीत. विनायकरावांनी हात पुढे केला. हात ओला झाला.

घरी आले तेव्हा आसावरी त्यांच्या लॅपटॉपसमोर बसली होती. चेहऱ्यावरून तिला कळलेलं दिसत होतं.

"येतील का परत?" त्यांनी विचारलं.

"नहीं, पापा. उस जगह पे दूसरा माल लिख दिया है."

"कसला माल?"

तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. मोकळ्या झालेल्या जागेत केसांच्या तेलाच्या जाहिराती भरलेल्या होत्या. त्यांच्या नावानं, त्यांच्या यंत्रावरून, अनोळखी लोकांना अखंड टपाल चाललं होतं. टकलावर केस, एका महिन्यात. सोबत 'आपला विश्वासू, विनायक तासगावकर'. गेले काही दिवस यंत्र गरम होत होतं ते यासाठी.

विनायकरावांनी डोक्यावरून हात फिरवला. तिथे फारसं काही नव्हतं.

"केस तरी परत येतील का त्या तेलानं?" ते म्हणाले.

आसावरीनं हसू दाबलं. मग म्हणाली, "सॉरी, पापा. मुझे उसी दिन देखना चाहिए था." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "निकाल दूँ इसको?"

"मी काढतो."

त्यांनी काढायचा आदेश दिला. निळी चौकट पुन्हा उघडली. "जाऊ म्हणताय?" जागल्याचा आवाज जरा पडला होता. "माझं काही चुकलं का? तुमच्या घरात आता कोण जागणार?" खाली हिरवं, मोठं 'राहू द्या' होतं. 'काढा' अगदी बारीक, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, धुक्यात पाटी दिसावी तसं.

विनायकरावांचं बोट मध्येच थांबलं.

"पापा."

"हो गं. थांब."

"पापा, वो मशीन है."

"मला ठाऊक आहे. पण मफलर घ्या असं म्हणायचा तो." त्यांनी 'काढा' दाबलं. चौकट मिटली. यंत्राचा पंखा घरघरून थांबला आणि खोलीत एवढी शांतता झाली की शेजारच्या सरदारजींची शिंक ऐकू आली. कोपऱ्यात आधीचा मुका रखवालदार आसावरीनं परत कामावर घेतला. तो काही बोलला नाही.

मंडळाच्या ग्रुपवर विनायकरावांनी सविस्तर माफी लिहिली. पासवर्ड बदला, जागल्या ताबडतोब काढा, माझी चूक झाली. त्यावर बऱ्याच जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एकानं विचारलं, तेल कुठे मिळेल.

चारुशीलाताई धावत आल्या. जागल्या आपण पाठवला याचं त्यांना वाईट वाटत होतं, पण पत्रिका गेल्याचं त्याहून जास्त वाटत होतं.

"सगळेच गेले?"

"एक आहे."

"दाखवा." त्यांनी चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "अगंबाई! किती सुंदर धुकं हो! हे बघा, इथे पाणी लागतंय. आणि हा काठ." त्यांनी खिडकीच्या चौकटीवर बोट ठेवलं. "हाच लावायचा. एकच, मोठ्ठा. लोक म्हणतील काय कल्पना आहे!"

विनायकरावांनी सांगायला तोंड उघडलं. मग त्यांच्या मनात आलं, धुकं हे शेवटी काय असतं, हवेत अडकलेलं पाणीच. हे भूगोलाच्या दृष्टीनं बरोबर होतं. त्यांनी तोंड मिटलं.

प्रदर्शनाच्या रविवारी लख्ख ऊन पडलं होतं. कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये एका भिंतीवर परीक्षांत पहिल्या आलेल्या मुलांचे हसरे फोटो ओळीनं होते, ते काढायला क्लासनं मनाई केली होती. समोरच्या भिंतीवर तो एक पांढरा चौकोन, पलंगाच्या चादरीएवढा. मोहालीत नोकरी करणारी तरुण मंडळी, इस्पितळातले डॉक्टर, विद्यापीठातले दोन-तीन प्राध्यापक आले. आधी सगळे बटाटेवड्यांपाशी थांबले. मग हळूहळू चौकोनापुढे जमले.

"सर, यात काय बघायचं?" एका मुलानं विचारलं. त्याच्या बोलण्यात सांगली-मिरजेचा हेल होता.

विनायकराव त्याच्याजवळ गेले, आणि त्यांना स्वतःलाही कळलं नाही असे बोलायला लागले. फोटोबद्दल नाही. बदकानं वळण कसं घेतलं होतं, हाक कुठल्या बाजूनं आली होती, वल्ह्याचा आवाज पाण्याच्या आधी कसा पोचतो, ऊन विचारात पडतं तेव्हा पाणी कसं श्वास धरून राहतं. एकेक हरवलेली सकाळ त्यांनी त्या पांढऱ्यावर नुसत्या बोलण्यानं परत ठेवली. मराठीत. हॉल शांत झाला. वड्यांपाशी उभे असलेले जवळ आले. कुणीतरी म्हणालं, हो, वळण दिसतंय. कुणीतरी म्हणालं, ते तिथे वल्हं आहे. आसावरी मागे उभी राहून ऐकत होती, आणि तिनं मध्येच विचारलं, "फिर वो बदक कहाँ गया?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून विनायकरावांनी खरंच सांगितलं.

एक म्हातारे डॉक्टर बराच वेळ फोटोपुढे डोळे मिटून उभे राहिले आणि जाताना म्हणाले, "इतक्या वर्षांत सुखना पाहिला नव्हता मी."

वसुधाताई ड्यूटी संपवून उशिरा आल्या. हॉल रिकामा व्हायला लागला होता. त्या फोटोपुढे उभ्या राहिल्या, मान तिरकी केली, एक पाऊल पुढे गेल्या.

"अहो, ही तर आपली जुनी खिडकी."

"हळू बोल," विनायकराव म्हणाले.

"तलाव कुठं आहे?"

"नाहीये."

वसुधाताईंनी पुन्हा पाहिलं. दमलेल्या होत्या, तरी नीट पाहिलं. बाजूला चारुशीलाताई कुणाला तरी सांगत होत्या की पुढच्या वर्षी हा फोटो मुंबईला पाठवायचा. आसावरी कागदी बशा गोळा करत होती.

"कुकर लागला होता," विनायकराव पुटपुटले.

"माहीत आहे," वसुधाताई म्हणाल्या. "तूरडाळ होती."